चिंचोक्याचा पासंग

अप्पा, अक्षर वाकडं येतंय, चालवून घ्या. धाकटीची नात माझ्या मांडीवर झोपली आहे आणि मी सोफ्याच्या हातावर एक जुनं मासिक ठेवून, त्यावर कागद धरून लिहिते आहे. धाकटी म्हणजे तुमचीच धाकटी लेक. तुम्ही गेलात तेव्हा ती पाढे म्हणताना अडखळायची. आता ती आजी झाली आहे, आणि तिच्या लेकीची ही लेक, दीड वर्षाची, अंगानं चांगली भरलेली. नांदेडची दुपार आहे, कूलर घरघरतोय, पडदे ओढलेत. काल सकाळी हिला दीड वर्षाचं इंजेक्शन दिलं, संध्याकाळपासून अंग तापलं, आणि तेव्हापासून माझी मांडी हेच हिचं अंथरूण. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हिची आई हे इंजेक्शन द्यायलाच तयार नव्हती. ती तयार कशी झाली ते तुम्हाला सांगावं म्हणून कागद घेतला, पण त्याआधी मला तुम्हालाच काही विचारायचंय. औशाला, दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, धाकटीला टोचून देवी काढायच्या की नाहीत हे तुम्ही ठरवलंत कसं? मी तिथंच होते, सगळं पाहिलं, ऐकलं. तरी इतकी वर्षं वाटत आलंय की मधला एक धागा माझ्या हातून सुटलाय.

दुकानापासून सुरू करते, कारण तुमचं सगळं तिथूनच सुरू व्हायचं. सकाळी दुकानाच्या फळ्या काढून झाल्या, उंबऱ्यावर पाणी शिंपडून झालं, की गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी तुम्ही आधी तराजू उचलायचात, रिकामा. दोन पितळी पारडी, वर दांडी, दांडीच्या मधोमध काटा. तो डोळ्यांसमोर धरून तुम्ही श्वास रोखून बघायचात. एखाद्या दिवशी डावं पारडं जरासं खाली, एखाद्या दिवशी उजवं; दोरीला दमट हवा लागली असेल, पारड्याला गूळ चिकटला असेल, काहीही असेल. मग वर राहिलेल्या पारड्याच्या दोरीला चिंधीत बांधलेला चिंचोका अडकवायचा, कधी एक, कधी दोन, काटा मधोमध येईपर्यंत. हा तुमचा पासंग. गिऱ्हाईक कुरकुरायचं, ‘मालक, घरी चहाचं आधण ठिवून आलो, साखर घाला की पटकन.’ तुम्ही म्हणायचात, ‘थांब की रे बाबा. मालाच्या आधी तराजू बघावा लागतो. रिकामाच वाकडा असला तर मालाला बोल लावून काय फायदा?’ पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा तरफेचा धडा आला की हेच सांगायचे. मुलं हसायची, कारण त्यांनी पाहिलेला काटा लाल आकड्यांत वजन दाखवणारा होता.

तुम्ही नुसती साखर-डाळ तोलत नव्हता, जग तोलायचात. घरात कुणी काही खायला घेतलं की तुमचा प्रश्न ठरलेला, मानवतं का? वांगं अव्वाला, म्हणजे तुमच्या बायकोला, बाधतं आणि काकाला मानवतं. रात्रीचं दही कुणालाच नाही. चहाचा पहिला कप मानवतो, दुसरा पित्त करतो. मला वाटायचं हे सगळं कुठंतरी ठरलेलं असेल आणि तुम्ही ते शिकून आला असाल. नंतर कळलं की तुम्ही स्वतःवर करून बघत होता. दुष्काळात परदेशातली लाल ज्वारी आली, मिलो म्हणायचे तिला. गल्लीत बोभाटा झाला की ही जनावरांची ज्वारी, हिनं पोट फुगतं, बायांना लेकरं होत नाहीत. तुम्ही म्हणालात, बघू. आणि स्वतःपुरत्या मिलोच्या भाकरी करायला लावल्यात. अव्वा थापायची, त्या तुटायच्या, ती पुन्हा थापायची. जेवण झालं की तुम्ही ओसरीवर बसून पोटावर हात फिरवायचात, स्वतःची नाडी धरायचात आणि गंभीरपणे सांगायचात, ‘अजून तर काय न्हाई.’ अव्वा आतून ओरडायची, ‘तुम्ही काय उंदीर हायत का? डॉक्टर लोक उंदरावर बघतेत, हे स्वतःवर बघून राहिले!’ शेवटी तुम्ही जाहीर केलंत की चव वाईट आहे, बाकी काही नाही, आणि मग घरात सगळ्यांना ती सुरू झाली. पाण्याचंही तसंच. विहिरींनी तळ गाठला, बारवेतून गढूळ पाणी यायला लागलं, आणि पायातून नारूच्या जंताचा दोरा लोंबणारी माणसं बाजारात दिसू लागली. तुमचं धोतर चार पदरी करून त्यातून पाणी गाळायचा नेम तेव्हाचा. अव्वाला त्या धोतराची किळस यायची. तुम्ही म्हणायचात, ‘किळस मानवते. नारू मानवत न्हाई.’ हे वाक्य मला इतकं आवडायचं की मी ते मैत्रिणींना अर्थ न कळताच ऐकवायचे.

आणि ती ब्रँडी. आपल्या घरात दारूचं नाव काढायचं झालं तरी आवाज खाली यायचा, तरीही अव्वाच्या फडताळात वेखंड-जायफळाच्या डब्यामागे एक चपटी बाटली होती. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणात अव्वाला थंडी वाजून आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली, चमचाभर, गरम पाण्यातून. एकदा मी विचारलं, धर्माबादचे काका शिंदी पितात म्हणून तुम्ही त्यांना नावं ठेवता, मग हे कसं चालतं? तुम्ही रागावला नाहीत. बाटली उजेडात धरलीत, इकडून तिकडून बघितलीत आणि म्हणालात, ‘चमच्यात औषध हाय, पेल्यात दारू हाय. मधी कुठं बदलते ते मलाबी म्हाईत न्हाई.’ माहीत नाही असं सरळ म्हणणारी मोठी माणसं मला नंतर फार भेटली नाहीत. आज मी तुम्हाला सांगू शकते की तो चमचासुद्धा औषध नव्हता, अंगात ऊब आल्यासारखी वाटते तेवढंच. हे ऐकून तुम्ही लगेच एक चमचा घेऊन ओसरीवर नाडी धरून बसला असता का, या कल्पनेनं मला आत्ता हसू येतंय, आणि हसले तर ही हलते.

तुमचे जावई, म्हणजे आमचे हे, निवृत्त झाल्यापासून शनिवारी संध्याकाळी एक छोटा पेला घेतात. हो अप्पा, घेतात. तुम्ही असता तर ही सोयरीक झाली नसती. कधीतरी पेपरात आलं होतं की थोडी घेतली तर हृदयाला बरी. ते कात्रण त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मग पेपरातच आलं की थोडीही बरी नाही. ते कात्रण चिकटवलेलं मला दिसलं नाही. विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी आपल्याकडे पेपर आला नव्हता. तराजू आधीच शनिवारच्या अंगाला गेलेला, दुसरं काय. मी त्यांना चिडवते, पण मीही काही वेगळी नाही. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मी आंब्याबद्दल चांगलं लिहिलेलं जिथं मिळेल तिथं वाचते.

पण तुमचं गणित मला सुटत नाही. तंबाखू नाही, सुपारी नाही, जेवण मोजकं, रोज सकाळी किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालून येणं. लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, ‘आता मोठा दवाखाना जवळ आला बघा, उस्मानाबादचा हेलपाटा वाचला.’ आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी भस्म लावता लावता तुमचा हात कपाळापाशी थांबला. दवाखान्यापर्यंत न्यायला वेळच मिळाला नाही. काका शिंदी आणि विडी दोन्ही सांभाळून, नातवंडांची लग्नं लावून गेले. वर्गात मी शिकवायचे की एका माणसावरून काही ठरत नाही, पुष्कळ अप्पा आणि पुष्कळ काका घेतले तर अप्पाच जास्त जगतील. ते खरं आहे, आजही तसंच शिकवीन. पण मला पुष्कळ अप्पा नव्हते. याचा राग मला अजून येतो, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

असो, देवी. तुमच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी मला ते वण म्हणजेच वडील वाटायचे. गुळगुळीत गालांचे वडील बघितले की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. तुम्हाला लहानपणी देवी आल्या, तुमच्या बहिणीलाही आल्या, ती गेली आणि तुम्ही राहिलात, एवढंच तुम्ही सांगायचात. त्या उन्हाळ्यात बातमी आली की पलीकडच्या गावात देवी निघाल्यात. खडी फोडायच्या कामांवर गावोगावची माणसं एका जागी, अंघोळीला पाणी नाही, रात्री एकाच मांडवात झोपणं. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचात, ‘कुठवर आल्या?’ मला तो शब्दच गूढ वाटायचा. आजार आला तरी देवी आल्या, आणि येऊ नये म्हणून टोचून घेतलं तरी देवी काढल्या. माझी पक्की समजूत होती की प्रत्येकाच्या दंडात एक देवी बसलेली असते आणि सरकारी माणूस ती सुईनं बाहेर काढून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. त्याच्या पेटीला मी एकदा हात जोडलेले आठवतात. तो बिचारा गोंधळला होता.

धाकटी तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि तिच्या दंडाला अजून सुई लागली नव्हती, कारण अव्वा. माझ्याआधी तुम्हा दोघांना एक मुलगा झाला होता. त्याला देवी काढल्या, ताप आला आणि त्या तापातच तो गेला. सुईनं गेला, की त्या पावसाळ्यात गावभर असलेल्या हगवणीनं गेला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या वेळी अव्वा माहेरी होती आणि तिच्या वडिलांनी तिला न विचारताच मला टोचून आणलं. धाकटीच्या वेळी मात्र तिनं ठरवूनच टाकलं होतं. ‘एक लेकरू दिलं म्या. आता दुसरं न्हाई.’ तुम्ही दुकानातून घरी आलात की आज देवी कुठल्या गावापर्यंत आल्या ते सांगायचात, आणि ती भांडी जास्त जोरात घासायची. मला दोघांचंही पटायचं. आजार आला तर धाकटी जाईल आणि टोचलं तर धाकटी जाईल, एवढंच मला समजलं होतं, आणि मी तिच्यामागे घरभर फिरत राहायचे.

मग देवी काढणारा आला आणि शाळेच्या व्हरांड्यात बसला. तुम्ही अव्वाला काही न सांगता धाकटीला खांद्यावर घेतलंत, माझं बोट धरलंत आणि टोचून आणलंत. घरात पाऊल टाकताच अव्वानं लेकरू तुमच्या हातून ओढून घेतलं आणि आत गेली. मी मागोमाग गेले. तिनं ओल्या फडक्यानं तो दंड खसाखसा पुसला, देवघरातून चिमूटभर भस्म घेऊन त्या जागी चोळलं, पुन्हा पुसलं, पुन्हा चोळलं, तोंडानं शिवशिव चाललेलं. आठवड्यानं तो माणूस घरोघर बघत आला, कुणाच्या उठल्या, कुणाच्या नाहीत. धाकटीचा दंड त्यानं वळवून बघितला, कोरा. ‘हिची उठली न्हाई मालक. फिरून काढावी लागंल.’ पुसल्यामुळे उठली नाही की आणखी कशानं, कोण जाणे. तुम्ही तो दंड हातात घेतलात. त्या जागी भस्माची राखाडी झाक होती, वळीत बसलेली. अव्वा रोज लावत होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, ती जमिनीकडे बघत होती. मला वाटलं आता तुम्ही घर डोक्यावर घेणार. तुम्ही त्या माणसाला ‘उद्या बघू’ म्हणालात आणि दुकानात निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलात तेव्हा तुमच्या हातात तराजू होता. जेवण झालं, आणि तुम्ही तो स्वयंपाकघरात अव्वासमोर उचललात, रिकामा. मी चुलीपाशी भाकरीचा पापुद्रा काढून खात बसले आहे. ‘हे बघ,’ तुम्ही म्हणता, ‘तुझा तराजू आधीच एका अंगाला गेला, थोरल्यापायी. माझा दुसऱ्या अंगाला गेला, ह्या तोंडापायी. आपण दोघंबी वाकड्या तराजूनं तोलून राहिलो. दोघांनी आपापला पासंग बांधू, काटा मधी आणू, मग बघू. मग तू म्हणशील तसं.’ अप्पा, काय सुंदर बोललात हो. मी उभ्या नोकरीत वर्गात याहून चांगलं काही बोलले नाही. आणि अव्वानं ते एका दमात मोडलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, ‘त्याच्या तोलाचं काय बांधू? चिंचोका?’

तुम्ही तराजू खाली ठेवलात. पारडी एकमेकांवर आपटून वाजली. बाहेर रस्त्यावरून पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या बायांचा आवाज आला, एरवी अव्वा घागर घेऊन उठली असती, ती उठली नाही. मग तुम्ही एक प्रश्न विचारलात. ‘त्याला ताप आला तवा काय काय झालं? सांग मला.’ मी चमकलेच. तुमचाच मुलगा, आणि तुम्हाला माहीत नाही? अव्वा म्हणाली, ‘तुम्ही कुठं होता?’ तुम्ही म्हणालात, ‘लातूरला. अडतीवर, माल भराया.’ ‘हाव. तुम्ही लातूरला, सासूबाई लेकीकडं. मी एकली. मला तरी काय अक्कल होती तवा. मांडीवर घेऊन बसले. खाली ठिवलं की रडायचं, घेतलं की गप. पाणी आणाया उठावं तर रडायचं. मग उठलेच न्हाई मी. कुणाला हाक मारावी ते बी सुचंना. तुम्ही आलात तवा...’ हातावरचं पीठ वाळून पांढरं पडलं होतं, ते ती नखानं काढत राहिली. मग मान वर करून म्हणाली, ‘काढा देवी. पण ताप आला तर दुकान उघडायचं न्हाई. लेकरू तुमच्या मांडीवर, माझ्या न्हाई. तुम्ही बसताव का ते मला बघायचं हाय.’

दुसऱ्यांदा धाकटीला अव्वाच घेऊन गेली. दंड पुसला नाही. काही दिवसांनी फोड आला, टरारून फुगला आणि ताप चढला. तुम्ही दुकान बंद ठेवलंत. दुष्काळात किराणा दुकान बंद म्हणजे गल्लीत चर्चा. कुणी म्हणालं माल दडवला, कुणी म्हणालं मालकालाच देवी आल्या. दार वाजवणाऱ्याला मी आतून सांगायचे, ‘अप्पा बसलेत.’ ‘अगं, बसलेत तर उठीव की!’ ‘उठता येत न्हाई.’ धाकटी तुमच्या मांडीवर, तुम्ही भिंतीला टेकून, तिच्या कपाळावर ओलं फडकं. मांडी घालून बसायची तुम्हाला दुकानामुळे सवय होती, तरी पाय बदलायला गेलात की ती किंचाळायची आणि तुम्ही होतात तसेच थांबायचात. अव्वा दारात उभी राहून नुसती बघायची, परीक्षेच्या वर्गात मास्तर उभे असतात तशी. मग कधीतरी तिनं तुम्हाला भाकरीचा घास भरवला, कारण तुमचे दोन्ही हात अडकलेले होते. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तुम्ही घास तोंडात घेतलात आणि रडायला लागलात. पाणी सरळ खाली येत नव्हतं, वणावणांतून वळत येत होतं. तुम्ही म्हणालात, ‘त्याच्या वेळी मी पाहिजे होतो.’ अव्वा म्हणाली, ‘तुम्हाला निरोप तरी कुठं होता. उगी ऱ्हावा. लेकरू उठंल.’ आणि तिथंच, तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून, खाली बसली.

ताप उतरला, खपली धरली, पडली, आणि धाकटीच्या दंडावर नाण्याएवढा वण राहिला. गंमत अशी की देवी आपल्या गल्लीत आल्याच नाहीत. मग त्या सगळ्याचा उपयोग झाला की नाही झाला? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात टाकायचे. ताप दिसतो, फोड दिसतो, रडणं कानावर येतं. जो आजार आलाच नाही तो कुठल्या पारड्यात घालायचा? मुलं नाना उत्तरं द्यायची. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तुमच्या बहिणीचा चेहरा घाला की.’ मला ते उत्तर इतकं आवडलं की मी त्या दिवशी पुढचा धडाच घेतला नाही. आता तर देवीचा आजार जगातूनच गेला, आणि दंडावरचे वणही आमच्या पिढीबरोबर जातील. मांडीवरच्या या बाईसाहेबांना आजीच्या दंडावरचा तो खड्डा फार आवडतो, त्यात बोट घालून बघतात म्हणे.

पंधरा दिवसांपूर्वी हिच्या आईचा फोन आला. ‘मावशी, तू विज्ञानाची बाई. सांग ना, धोका जास्त की फायदा?’ तिला मोबाईलवर कुणीकुणी काय काय पाठवलेलं. मी बराच वेळ सांगितलं. घटसर्प म्हणजे काय, डांग्या खोकला म्हणजे काय, आधीचे डोस झाले असताना हा कशाला, ताप आला तर तो का येतो. ती हो मावशी, हो मावशी करत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘कळतं गं सगळं. पण.’ त्या ‘पण’पाशी मी थबकले. तो मी ओळखत होते, अव्वाचा, भस्म चोळतानाचा होता. मी विचारलं, ‘मागच्या वेळी टोचलं तेव्हा घरात कोण होतं?’ मग एकेक निघालं. नवरा नोकरीला हैदराबादला, सुट्टी मिळाली नाही. धाकटी देवणीला, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिला हलता येत नाही. ही पोरगी एकटी, लेकरू तापानं फणफणलेलं, दिलेलं औषध उलटून टाकणारं, आणि शेजारच्यांचं दार वाजवायचा संकोच. ‘मला वाटलं ही जाते आता, मावशी. आणि बाथरूमला जायलासुद्धा हिला खाली ठेवता येईना.’ मी म्हटलं, ‘तारीख सांग. मी येते. लेकरू माझ्या मांडीवर, तू झोप.’ ती रडली, मग म्हणाली, ‘खरंच येशील?’ त्यानंतर आम्ही धोका-फायद्याचं अक्षरही काढलं नाही. मी पिशवी भरली, जावयांना शनिवारचं तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं आणि लातूरहून नांदेडच्या गाडीत बसले.

म्हणजे नक्की झालं काय, हे मला तुम्हाला विचारायचंय. माहिती मी आधीच पारड्यात टाकली होती, सगळी खरी, शिगोशिग. काटा जागचा हलला नाही. मग मांडी टाकली तर हलला. इंजेक्शन तेच, ताप तोच, धोका काडीनंही कमी झालेला नाही. माहितीचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला ती नसती तर मी इथं आले नसते. पण तो प्रश्न तुम्हाला कुठून सुचला, अप्पा? तराजू खाली ठेवला आणि लगेच विचारलंत. तो तुमच्या मनात आधीपासून होता आणि विचारायची भीती वाटत होती, की तोलायला काही उरलंच नाही म्हणून सहज तोंडातून गेला? मला वाटतं आधीपासून होता. थोरला गेल्यापासूनच. पण हे मी माझ्या मनानं ठरवतेय, आणि तुमच्या बाबतीत माझा तराजू सरळ कधीच नव्हता.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. ही उठली की हाताला लागेल तो कागद फाडते, हाही फाडील, आणि मी फाडू देईन. आतल्या खोलीत हिची आई झोपली आहे, चक्क घोरते आहे. झोपायच्या आधी मला बजावून गेली, ‘ताप उतरला की हिला खाली ठेव हं मावशी, पाय अवघडेल तुझा.’ पाय अवघडलाय. मुंग्या येऊन गेल्या, आता तो आहे की नाही तेही कळत नाही. एक सांगून टाकते. ताप कधीचाच उतरलाय. कपाळ गार आहे, मानेवरचा घामही वाळला. गादी इथंच, हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर घातलेली आहे. मी हिला अजून खाली ठेवलेलं नाही.